बोरीखालचा फोटो

या आठवड्यात इथं कुवेतमध्ये, सालमियातल्या भाजीच्या दुकानात कनार आले. पारदर्शक प्लास्टिकचा डबा, झाकणाला आतून धरलेली वाफ, वरून रबरबँड. कनार म्हणजे बोरंच. आपल्याकडची संक्रांतीच्या वाणात जातात. इथली पिकायला मार्च उलटावा लागतो. डबा उघडला की स्वयंपाकघरभर आंबूस, जडसर वास पसरतो. माझी मुलगी इरा नाक मुरडते. "आई, प्लीज क्लोज इट." मी झाकण लावते. वास राहतो.

याच दिवसांत धूळही येते. दुपारी आकाश हळद कालवल्यासारखं होतं. समोरची इमारत आधी फिकी दिसते, मग दिसत नाही. खिडकीच्या फटीत ओला टॉवेल खोचला तरी संध्याकाळी चपाती खाताना दाताखाली कचकच लागतेच. थंडीत वाळवंटात तंबू ठोकून बसलेली कुवेती कुटुंबं एव्हाना शहरात परतलेली असतात. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सोफा, फ्रिज, मुलांची सायकल विकायला निघते. नोकरी संपलेले कायमचे जातात, बाकीचे सुट्टीची तिकिटं बघतात. कुवेतमधल्या मराठी घरांत हा मोसम जाण्याचा असतो.

मास्तर आणि बाईंचे शेवटचे आठवडे मागच्या वर्षी याच मोसमात आले होते.

गायकवाड मास्तर नगर जिल्ह्यातल्या एका गावातले. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नीही त्याच शाळेत शिकवायच्या, म्हणून त्या बाई. त्यांची ख्रिस्ती मंडळी लहान आहे, दोन-चार गावांत मिळून असलेली. परदेशात राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसांसाठी ती मंडळी एक जोडी पाठवते. मुदत दोन वर्षांची. जोडीनं जायचं, जोडीनं राहायचं, एकट्यानं कुठं जायचं नाही, असा नियम. मास्तर तो नियम इतका पाळायचे, की खाली बकाल्यात खुबूस आणायला गेले तरी बाई बरोबर असायच्या. बकाला म्हणजे कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान, खुबूस म्हणजे तिथली रोटी. दोघं आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. जिन्यात इरा भेटली आणि इंग्रजीत बोलली, की मास्तर कानामागं हात धरून विचारायचे, "काय म्हणालीस? मला ऐकू येत नाही. मराठीत म्हण, मग येईल."

चर्चच्या आवाराबाहेर धर्मप्रचार करायचा नाही, हा इथला कायदा. मास्तरांच्या शर्टावर काळ्या रंगाचा नावाचा बिल्ला असायचा. तो ते आवाराच्या फाटकातून आत गेल्यावर लावायचे आणि बाहेर पडण्याआधी काढून खिशात ठेवायचे. दोन वर्षांत त्यांनी कुणालाही ख्रिस्ती केलं नाही. तसा प्रयत्नही केला नाही. त्यांच्याकडे जी माणसं यायची ती आधीपासूनच ख्रिस्ती होती. कुणी नर्स, कुणी राई नावाच्या भागातल्या गॅरेजात गाड्यांना रंग मारणारा, कुणी घरकाम करणाऱ्या बायका. सगळे मिळून नऊ. बाई हॉस्पिटलात कुणाच्या उशाशी बसायच्या. मास्तर कुणाच्या मुलाला फोनवरून गणित शिकवायचे. आठवडाभर हेच चालायचं आणि शुक्रवारी उपासना.

आवार मोठं होतं आणि त्यात अनेक भाषांच्या मंडळ्या होत्या. एकेकीला एकेक तास वाटून दिलेला. मराठी मंडळीला दुपारचा तास, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. त्या खोलीतला एसी गाण्यापेक्षा मोठ्यानं वाजायचा. तीनपासून खालचा मोठा हॉल तमिळ मंडळीचा. त्यामुळे मराठी माणसं जिना उतरून अंगणात यायची तेव्हा अंगण तमिळ कुटुंबांनी भरलेलं असायचं. रेशमी साड्या, पांढरे शर्ट, तेल लावून विंचरलेले केस, मुलांच्या हातात बायबल आणि चिप्सची पाकिटं. अंगणाच्या मधोमध बोरीचं झाड. बोरीखाली उजेड चांगला, म्हणून बाईंनी पहिल्या शुक्रवारी तिथं सगळ्यांचा फोटो काढून घेतला. पुढं दर शुक्रवारी तिथंच. फोटो गावाकडच्या मंडळीच्या ग्रुपवर जायचा. खाली मास्तरांची एक ओळ: शुक्रवारची उपासना आनंदात पार पडली.

त्या ओळीत काही चूक नव्हती. मी नाशिकच्या एका दैनिकात डेस्कवर काम केलं आहे. फोटोखालच्या ओळी लिहिण्यात माझी काही वर्षं गेली. मीही तीच ओळ लिहिली असती.

एका संध्याकाळी मास्तर आणि बाई वर आले. मास्तरांनी फोन पुढं केला. "गावाकडं आमच्या स्वागताचा फ्लेक्स करतायत. पुतण्यानं नमुना पाठवलाय. तुम्ही पेपरात होता, एकदा नजर घाला. उगाच चुका नकोत."

फ्लेक्सवर डावीकडे उंट होता. उजवीकडे कुवेतचे निळ्या गोळ्यांचे टॉवर. वर विमान आणि दोन कबुतरं. मधे मास्तर आणि बाई, दोघांचे चेहरे पिठासारखे गोरे केलेले. खाली शुभेच्छुकांची रांग. त्यात पुतण्या प्रशांत, गॉगल लावून, सगळ्यांत मोठा. मजकूर असा: कुवेत देशात शेकडो आत्मे जिंकून मायदेशी परतणारे आमचे लाडके मास्तर व बाई यांचे हार्दिक स्वागत. आणि या सगळ्याच्या मागं, फ्लेक्सच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, बोरीखालचा फोटो.

मी म्हटलं, "शेकडो?"

मास्तरांनी फोन परत घेतला. चष्मा कपाळावर ढकलला आणि पडदा नाकाजवळ नेला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला.

"अहो," ते बाईंना म्हणाले, "हे तर तमिळ लोक आहेत."

बाईंनी वाकून पाहिलं. "हो की. हे बघा ते हसरे गृहस्थ. हे तर प्रत्येक फोटोत असतात."

ते खरं होतं. एक तमिळ गृहस्थ दर शुक्रवारी कॅमेरा दिसला की मागून मान उंचावून हसायचे. नंतर कळलं की गावाकडं त्यांचं नाव 'तो उत्साही भाऊ' असं पडलं होतं. गावाकडच्यांनी फोटोत सावळे चेहरे पाहिले, साड्या पाहिल्या, बोर पाहिली आणि सगळी आपलीच माणसं समजली.

मी चहा टाकला. मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले होते, परीक्षेला बसलेला मुलगा बसतो तसे. त्यांचे कान लाल झाले होते. गोरे कान लाल होताना मी पाहिले होते, इतक्या काळ्या माणसाचे पहिल्यांदा पाहिले. बशीत चहा ओतला आणि प्यायलेच नाहीत.

"दोन वर्षं," ते म्हणाले, "दर शुक्रवारी हे लोक देवाचे आभार मानत होते. यांच्यासाठी."

त्यांनी तिथूनच प्रशांतला फोन लावला. स्पीकर चालू राहिला होता.

"काका, तुम्ही लई साधे बघा. शेकडो म्हणजे शेकडो, मोजायला कोण येतंय?"

"अरे, आपली माणसं नऊ आहेत."

"तुम्ही नऊ म्हणा, आम्ही शेकडो म्हणतो. ट्रॅक्टर सांगितलाय, हलगीवाले सांगितलेत. पाळकसाहेबांनी आजूबाजूच्या गावांत सांगितलंय. पुढची जोडी पाठवायची का नाय ते त्याच दिवशी ठरणारे. काही जण म्हणतात लांब पाठवून काय उपयोग. त्यांची तोंडं बंद व्हायला पायजेत का नको?"

बाई म्हणाल्या, "प्रशांत, फ्लेक्स छापायला टाकू नकोस."

"काकू, छपाईला शेवटच्या आठवड्यात जाईल. तुमचा लास्ट शुक्रवारचा फोटो आला की तोच टाकतो. अजून गर्दी असंल तर बघा."

पुढची जोडी हा मुद्दा तोवर मला माहीत नव्हता. त्याच्यात काय अडकलं होतं ते मला पुढच्या शुक्रवारी समजलं.

त्या शुक्रवारी मला राईच्या एका शोरूममध्ये कपाट बघायला जायचं होतं. बाहेर धूळ होती, टॅक्सी मिळेना. मास्तर म्हणाले, अन्वरभाईंच्या व्हॅनमध्ये चला. अन्वरभाई रत्नागिरीचे. शुवैखमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान आहे. त्याच्या दोन वर्षं आधी अशाच धुळीत हे दोघं बसस्टॉपवर तोंडाला रुमाल बांधून उभे दिसले, म्हणून त्यांनी गाडी थांबवली. तेव्हापासून शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून ते यांना चर्चला सोडायचे.

आधी व्हॅन रुमैथियाला गेली. तिथं एका मोठ्या घराच्या फाटकापाशी बाई उतरल्या. धुळीत डोळे बारीक करून, पांढऱ्या केसांवरचा पदर सरळ करून उभ्या राहिल्या. दार उघडलं. घरच्या मॅडमनं आधी बाईंना पाहिलं, मग मान हलवली, मग मागून सुनंदा बाहेर आली. सुनंदा जालन्याकडची. त्या घरात स्वयंपाक करते. तिच्या मॅडमची अट एकच होती: शुक्रवारी जायला हरकत नाही, पण ती म्हातारी बाई स्वतः न्यायला आणि सोडायला आली पाहिजे. व्हॅनचा ड्रायव्हर चालणार नाही, मैत्रीण चालणार नाही. मॅडमला बाईंचे पांढरे केस पटले होते. सुनंदाला आठवड्यात त्या घराबाहेर एवढाच वेळ मिळायचा.

ती गाडीत बसली आणि ओढणीनं तोंड पुसत म्हणाली, "मास्तर, तुमाला काय झालंय? उपाशी हाय का?"

बाईंनी तिला फ्लेक्सचं सांगितलं. सुनंदा आधी खूप हसली. उंटाला तर फारच हसली. मग तिनं विचारलं, "मंग तुमी काय सांगणार तिथं?"

"खरं तेच," मास्तर म्हणाले. "नऊ."

"नऊ म्हणल्यावर दुसरी जोडी पाठवत्याल का?"

वायपर कोरड्या काचेवर धूळ इकडून तिकडे लोटत होते.

"कामून नऊ म्हणता मग?" सुनंदा म्हणाली. "चारशे म्हणा ना. तुमचं काय जातंय? मला शुक्रवार तर राहील."

तिचा आवाज भांडणाचा नव्हता. भाजीत मीठ थोडं जास्त टाका म्हणावं, तसा होता. मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पिवळं होतं.

त्या तिघांना चर्चच्या फाटकाशी सोडून अन्वरभाई मला राईकडे घेऊन निघाले. मग म्हणाले, "ताई, लफडं गर्दीचंच आहे ना?"

"हो."

"मग गर्दी आणू या की. शेवटच्या शुक्रवारी. आमचे रत्नागिरीवाले, रायगडवाले, मी नुसती हाक मारली तरी येतील. म्हातारबाबाला सगळे ओळखतात. तुमचे ते रिफायनरीतले पुण्याचे लोक पण बोलवा. सगळी मराठी माणसं. फोटो खरा होईल."

"पण ती त्यांच्या मंडळीतली नाहीत."

"व्हय, पण फोटोत तसं लिहिलेलं असतं काय?" त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पेपरात होता ना? मेसेज लिहा."

मी मेसेज लिहिला. मास्तर आणि बाईंचा निरोप, बोरीखाली, शुक्रवारी दुपारी. शेवटी बोटांनी आपोआप टाइप केलं: मोठ्या संख्येने उपस्थित राहावे. डेस्कवर असताना सभांच्या बातम्यांत आकडा मिळाला नाही की आम्ही हेच शब्द वापरायचो. किती लोक होते हे माहीत नसलं तरी चालायचं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं मैदान भरून जायचं.

शेवटच्या शुक्रवारी धूळ नव्हती. आकाश धुतल्यासारखं निळं होतं आणि उष्मा पहिल्यांदा जाणवत होता. बोरीखाली जमिनीवर पिकलेल्या बोरांचा सडा पडला होता आणि त्यावरून माणसं चालल्यामुळे तो आंबूस वास सगळ्या अंगणात भरला होता. माणसं खरोखर मोठ्या संख्येनं आली होती. अहमदीच्या रिफायनरीतले इंजिनियर इस्त्रीच्या कपड्यांत, बायका पैठण्या नेसून, हातात उपम्याचे आणि ढोकळ्याचे डबे. शुवैखचे कोकणी मुसलमान जुम्म्याची नमाज पढून सरळ आले होते, डोक्यावर अजून टोप्या. मुलं इंग्रजीत ओरडत बोरं वेचत होती. मंडळाच्या अध्यक्षांनी शाल आणली होती. फोटोसाठी कुठं उभं राहायचं, हे जो तो विचारत होता.

मास्तर फाटकातून आत आले. सवयीनं खिशातून बिल्ला काढला, शर्टाला लावायला घेतला, मग समोर पाहिलं आणि त्यांचा हात तिथंच राहिला.

"काय मास्तर!" अन्वरभाई पुढं झाले. "बघा, सगळं कोकण आणलंय. आता कोण म्हणतो नऊ?"

आजूबाजूचे हसले. मास्तरही हसले, पण नुसते ओठांनी. त्यांची नजर माणसांवरून फिरत फिरत सुनंदावर थांबली. ती बोरीच्या खोडाला टेकून उभी होती, ओढणीचं टोक दोन्ही हातांत घट्ट धरून. तिनं मान थोडी, अगदी थोडी हलवली. हो म्हणा, अशी.

मी तेव्हा त्यांच्या जवळच होते. ते मला म्हणाले, "तुम्ही आलात." एवढंच. त्यांना बरंच वाटलं असेल. मला मात्र ऐकू आलं ते वेगळं. दोन वर्षं ते माझ्या पायाखालच्या मजल्यावर राहिले. दर शुक्रवारी "येताय का, नुसत्या बसा, चहा चांगला असतो" असं विचारायचे. मी कधी गेले नाही. काही ना काही असायचं. पहिल्यांदा गेले ती गर्दी व्हायला.

तिथं जमलेल्या बहुतेकांचं तसंच होतं. ढोकळा वाटताना, शाल पांघरताना, फोटोच्या रांगा लावताना मधूनच कुणाची तरी नजर खाली जायची. लग्नात चुकीच्या मांडवात जेवून गेल्यावर होतं तसं काहीतरी. माणसं चांगली होती. प्रेमानं आली होती. पण आपल्याला कशासाठी बोलावलं गेलं आहे, हे एव्हाना सगळ्यांना कुजबुजत कळलेलं होतं.

मास्तरांना बोलायला सांगितलं. त्यांनी घसा साफ केला. "मी..." म्हणाले आणि थांबले. मुलं गप्प झाली. बोरीवर पक्षी कलकलत होते. मास्तरांनी पुन्हा सुनंदाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही सगळे आलात. मी आभारी आहे." मग ते गर्दीत शिरले आणि एकेकाला विचारू लागले, तुमचं नाव काय, गाव कोणतं, आई-वडील आहेत का. शाळेतली हजेरी घ्यावी तसे, न थांबता. बाई मागून म्हणाल्या, "अहो, पुरे, लोक उन्हात आहेत." पण ते शेवटच्या माणसापर्यंत गेले. जणू नाव-गाव विचारलं, की तो माणूस आकडा राहणार नव्हता.

तीन वाजले, तमिळ मंडळी आली. ते हसरे गृहस्थही आले आणि काही न विचारता मागच्या रांगेत उभे राहिले. अन्वरभाईंनी कुणाकडून तरी फोटो काढून घेतला. त्या फोटोत झाडून सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. एकटे मास्तर खाली बघतायत. बिल्ला त्यांच्या मुठीत आहे, फोटो मोठा केला की दिसतो.

दर शुक्रवारसारखा फोटो गावाकडच्या ग्रुपवर गेला. प्रशांत खूश झाला. "काका, हा तर लईच भारी. सगळे आपलेच दिसतायत."

तोच फोटो फ्लेक्सवर छापला गेला. त्यात तिसऱ्या रांगेत मी आहे. नगर जिल्ह्यातल्या एका एसटी स्टँडसमोर, जिंकलेल्या आत्म्यांमध्ये, सालमियाला शोभेल अशा साडीत. अन्वरभाई पहिल्या रांगेत आहेत, टोपीसकट. त्यांना दाखवला तेव्हा ते पोट धरून हसले. "ताई, आमच्या अम्माला कळलं ना, तर मला घरात घेणार नाही." मग त्यांचं हसणं मधेच थांबलं आणि ते सुट्या भागांच्या खोक्यांकडे वळले.

जाण्याआधी बाईंनी एक गोष्ट केली. मला रुमैथियाच्या त्या फाटकाशी नेलं आणि सुनंदाच्या मॅडमला हातवाऱ्यांनी सांगितलं: आता ही येईल. मॅडमनं माझ्या केसांकडे पाहिलं. काळे होते. बराच वेळ विचार करून तिनं मान हलवली.

स्वागताचा व्हिडिओ प्रशांतनं पाठवला. सुरुवातीला नुसती हलगी आणि हलणारं आभाळ. मग ट्रॅक्टरची सजवलेली ट्रॉली, तीत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, खुर्च्यांवर मास्तर आणि बाई, गळ्यात हार. मग मांडव. मास्तरांच्या हातात माईक. या वेळी ते थांबले नाहीत. वर्गात गणित समजावून सांगावं तसं त्यांनी सावकाश सांगितलं. फोटोत दिसतात ते आमचे मित्र आहेत. कुणी हिंदू, कुणी मुसलमान. ते निरोप द्यायला आले होते. आधीच्या फोटोंत तमिळ लोक होते. त्यांना आम्ही काही दिलेलं नाही, त्यांनी आम्हाला चहा दिला. मंडळीत नऊ माणसं आहेत. त्या नवांसाठी कुणालातरी पाठवावं, एवढी विनंती करायला मी उभा आहे.

मग पाळकसाहेबांनी माईक घेतला. त्यांचा आवाज भरून आला होता.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "एवढं मोठं काम करून आलेला माणूस काय म्हणतो, नऊ! याला म्हणतात नम्रता!"

टाळ्या. मास्तरांचे ओठ हलताना दिसतात, ते काहीतरी पुन्हा सांगतायत. पण माईक गेलेला आहे आणि हलगी सुरू झालेली आहे. बाई त्यांच्या कोपराला धरून त्यांना खाली बसवतात. पुढची जोडी पाठवायचं त्याच दिवशी ठरलं. विरोध करणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

नवी जोडी येईपर्यंतच्या महिन्यांत शुक्रवारी कधी मी रुमैथियाच्या फाटकाशी उभी राहिले, कधी जमलं नाही. जमलं नाही असे शुक्रवार जास्त. सुनंदानं कधी विचारलं नाही, का आला नाहीत म्हणून. गाडीत बसली की ओढणीनं तोंड पुसायची आणि इराची चौकशी करायची.

मास्तर अधूनमधून फोन करतात. आता बोरांच्या दिवसांत तर जास्तच करतात. "आली का बोरं?" मी आली म्हणते. "आमच्याकडची कधीच संपली," म्हणतात. इराला फोनवर बोलावून मराठीत बोलायला लावतात. गावात आता त्यांना कार्यक्रमांना बोलावतात, पहिल्या रांगेत बसवतात, नम्रतेवर बोलायला सांगतात, असं बाईंनी एकदा सांगितलं. "जात नाहीत," त्या म्हणाल्या. "तब्येतीचं कारण सांगतात." नव्या जोडीबद्दल मास्तर काही विचारत नाहीत.

नवी जोडी मागच्या शुक्रवारी पहिल्यांदा आवारात गेली. तरुण नवरा-बायको. तो गावाकडं पतसंस्थेत होता, आता मंडळीचा सेवक. बाईंच्या सांगण्यावरून मी बरोबर गेले होते, सुनंदाच्या मॅडमला नव्या बाईंचा चेहरा दाखवायचा होता. मॅडमनं चेहरा पाहिला, नापसंत केला आणि तरी सुनंदाला सोडलं.

उपासना त्या दिवशी लवकर संपवून आम्ही जिना उतरलो. अंगण रिकामं होतं, तमिळ मंडळीला अवकाश होता. जमिनीवर बोरं पडली होती. नवा सेवक हातातल्या फोनवरचा फोटो आणि समोरचं झाड, असं आळीपाळीनं बघत होता.

"झाड तर हेच," तो म्हणाला. "बाकीची मंडळी कधी येते?"

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं.

"बाकीचे म्हणजे?" सुनंदा म्हणाली. "आमी एवढेच हाय, साहेब."

"आणि हे? हे टोपीवाले भाऊ?"

"ते अन्वरभाई. ते नमाजाला जातात. तुमाला गाडीतून त्यांनीच आणलं की आत्ता."

त्यानं फोटो मोठा केला, तसा मास्तरांनी माझ्या स्वयंपाकघरात केला होता. बोटं फिरवत तो चेहऱ्यांवरून चेहऱ्यांवर गेला. तिसऱ्या रांगेशी आला, वर माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. त्याच्या बायकोनं हळूच विचारलं, "म्हणजे मास्तर खरंच बोलत होते?"

त्याचे कान लाल झाले होते. सुनंदानं वाकून दोन बोरं उचलली, ओढणीला पुसली आणि त्या दोघांच्या हातात एकेक दिलं. "खावा. गोड हायेत."

"घरी सगळे फोटोची वाट बघत असतील," तो म्हणाला. बोर त्याच्या हातातच होतं. "तमिळ लोक किती वाजता येतात?"

"तीनला," सुनंदा म्हणाली.

"मग तीननंतर काढू."

आम्ही बोरीखाली थांबलो. तीन वाजले, फाटकातून साड्या आणि पांढरे शर्ट यायला लागले, मुलं बोरांवर धावली. ते हसरे गृहस्थ आले, आम्हाला पाहिलं आणि न सांगता मागं जाऊन उभे राहिले. नव्या सेवकानं फोन माझ्या हातात दिला. सुनंदा पहिल्या रांगेत उभी होती, ओढणी सरळ केलेली, नजर थेट माझ्याकडे. शुक्रवार तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"सगळे येतायत का फोटोत?" त्यानं विचारलं.

"एक मिनिट," मी म्हटलं, आणि सगळे मावावेत म्हणून थोडी मागं सरकले.